खेळाचे तास गणिताला दिले, मी उगाच कुरकुर करते आहे का?

संत्राबर्फी:
मुलगा तिसरीत, शाळा नागपुरात मानेवाड्याकडची. दिवाळीनंतर आठवड्यातले खेळाचे ३ तास थेट १ वर आणले. बाकीचे दोन गणिताच्या 'जादा सरावाला'. शिवाय वही अपुरी असली की मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "घरी खेळू द्या ना." घर तिसऱ्या मजल्यावर, खाली गाड्याच गाड्या. पोरगा संध्याकाळी चिडलेलाच येतो. आमच्या ह्यांना वाटतं, अभ्यास वाढला तर बरंच आहे. मीच उगाच कुरकुर करून राह्यली का?

खडूफळा:
उगाच नाही, ताई. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी काटोलकडच्या गावांत. 'लांबी मोजणे' हा धडा घेताना दरवर्षी घाम फुटे. पोरं पट्टी धरून उत्तर बरोबर लिहायची, पण पट्टी लागतेच कशाला, हे एकाच्याही डोक्यात शिरत नसे.

एका थंडीत मैदानात गिल्लीदांडू चालला होता. गिल्ली पडली तिथून गड्ड्यापर्यंत दांडूने मोजणी: वकट, लेंड, मूंड, नाल... सातापर्यंत जायचं आणि पुन्हा वकट. एकाचे १४ भरले, म्हणजे पुऱ्या दोन फेऱ्या. दुसरा म्हणे खोटं. त्याने आपल्या दांडूने मोजलं, तर १२! जुंपली दोघांची. मी मधे पडलो नाही. (हेडमास्तरांना खिडकीतून वाटलं, मास्तर झोपला.) शेवटी वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोरगी म्हणाली, "दोघांचे दांडू जवळजवळ ठेवा ना." ठेवले. एक चांगला चार बोटं लांब निघाला. मग आजपासून सगळ्यांनी एकाच दांडूने मोजायचं, हा कायदा पोरांनीच केला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'मीटर' लिहिलं, तेव्हा मला समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जादा सरावाच्या दोन तासांत हे भांडण होणार नाही. आणि वहीसाठी मधली सुट्टी कापणं तर मला मुळीच पटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शाळेला मैदान असावं असं आहे. मैदान असून कुलपात ठेवायचं, याला काय म्हणावं?

कूलरवाला:
गुरुजी, गोष्ट झकास. पण एप्रिलात ४३ डिग्रीत कुठे खेळवता जी? माझ्या पोरीला मागच्या वर्षी ऊन लागलं, दोन दिवस कांद्याचा रस चोळत होतो.

खडूफळा:
उन्हाळ्यात सकाळची शाळा असते ना, भाऊ. पण खेळाचा तास ठेवतात शेवटी, पार ११ च्या उन्हात! पहिला ठेवा म्हटलं की उत्तर तयार: "सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा गणित." आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूरची हवा सोन्यासारखी. ताईंच्या शाळेने तास कापले ते नेमके याच दिवसांत.

चष्माघर:
मी चष्म्याच्या दुकानात बसते. दुसरी-तिसरीतली पोरं रोज येतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटं मुलांना जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत लांबचं कमी दिसायला लागलेली मुलं त्या शाळांत ३०.४ टक्के, बाकीच्यांत ३९.५ टक्के. २०१५ मध्ये हे छापून आलं. ताई, पालकसभेत 'सर्वांगीण विकास' वगैरे बोलू नका, माना डोलवून सगळे घरी जातात. चष्म्याच्या नंबराचं बोला.

संत्राबर्फी:
आम्ही चार आया मिळून मुख्याध्यापिकांना भेटलो. चष्म्याचं काढल्यावर खरंच कान टवकारले. वहीसाठी सुट्टीत बसवणं बंद झालं. खेळाच्या तासांचं मात्र "पुढच्या सत्रात पाहू".

गुरुजी, तुमची गोष्ट मुलाला वाचून दाखवली. तो म्हणे, "वकट म्हणजे काय?" मला कुठे येतं! आजोबांना फोन लावून दिला. अर्धा तास झाला, गाडी अजून 'नाल'च्या पुढे सरकलेली नाही.