होबी १६ चं रडर (सुकाणू) जोराच्या वाऱ्यात आपोआप वर येते, काय करावं?

डोंगावाला_पवनी
नमस्कार भाऊ लोकहो. मुंबईहून जुनी होबी १६ (दोन हलची, म्हणजे दोन सांगाड्यांची, शिडाची बोट) आणली, गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये चालवून राहिलो. हलक्या वाऱ्यात मस्त चालते पण वाऱ्यानं जोर धरला का डावं रडर उचलल्या जाते न टिलर (रडर वळवायचा दांडा) इतका जड होते का दोन्ही हातानं ओढा लागते. खट् आवाज येऊन लॉक तर होते, पण रडरचं पातं जरा मागं झुकलेलं दिसते. कास्टिंगमधल्या (पातं धरणाऱ्या ओतीव भागातल्या) स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण कसून टाकू का? इथं बुडीतातल्या झाडांचे खुंट आहेत पाण्याखाली, पाणी उतरलं का मासे धरणारे ढिवर लोक डोंगा (लाकडी होडी) बी जपून नेतात. म्हणजे खुंटाले लागलं तर रडर उचलल्या गेलंच पाहिजे, वाऱ्यानं मात्र नको.

शिडाचा_नाद (मुंबई)
पूर्ण कसू नका! या बोटीला खाली सेंटरबोर्ड (पाण्यात उतरणारी मधली फळी) नाही, त्यामुळे सगळ्यात खोल जातं ते रडरच, आणि ते अडकून उचललं गेलं नाही तर पातं तुटेल, कास्टिंग तडकेल नाहीतर मागची गजनं (रडर अडकवायच्या कड्या) हलमधून उखडतील. आत स्प्रिंग प्लंजरला (सरकत्या खुंटीला) कॅमवर (खाचेच्या फिरत्या तुकड्यावर) दाबते, तेवढ्यावरच पातं खाली राहतं. आधी उघडून बघा, कॅम नाहीतर प्लंजरचं टोक झिजलं असेल तर कितीही कसा, लॉक निसटणारच. टिलर जड होतो तो पातं मागे झुकल्यामुळे, पात्याचं टोक पुढे हलच्या खाली गेलं की एकदम हलका होतो. मास्ट (शिडाचा खांब) फार मागे कललेला असला तरी जड लागतो, तेही बघून घ्या.

लेथवर_बसलेला
पवनीवाले भाऊ, पातं हातानं पुढंमागं हलवून पाहा. खडखड करते का? मग बोल्टाचं भोक मोठं झालं असन. जुनं भोक इपॉक्सीनं भरून नवीन पाडा, आन पाडताना थोडं सरकवून पाडलं तर टोक बी पुढं येते, एका कामात दोन कामं. बुश (भोकात बसणारी नळी) नायलॉनच्या रॉडमधून कोनताही लेथवाला काढून देते, पितळी नका टाकू, अल्युमिनियमले खाते. न ग्रीस तर लावूच नका बे, गाळ चिकटून त्याचा लगदा होते, सिलिकॉनचा सुका स्प्रे मारा.

डोंगावाला_पवनी
उघडलं भाऊ. प्लंजरभोवती वैनगंगेचा गाळ असा दाबून बसला होता का स्प्रिंग अर्धीच खाली येत होती, म्हणजे प्लंजर कॅमले नुसतं टेकून होतं. गोड्या पाण्यानं धुतलं, टूथब्रशनं घासलं. आता लॉकचा आवाजच वेगळा येते. भोक बी ढिलं आहे, ते लेथवर नेतो. दोन्ही रडर एकमेकांशी सरळ आहेत का ते कसं पाहू?

शिडाचा_नाद (मुंबई)
दोन्ही लॉक करा, टिलर मधोमध धरा, मग पात्यांच्या पुढच्या कडांमधलं अंतर टेपने मोजा आणि तसंच मागच्या कडांमधलं. सारखं यायला हवं, पुढचं ३ मिमी कमी असलं तरी चालतं. जास्त फरक असेल तर क्रॉसबारचं (दोन्ही टिलर जोडणाऱ्या आडव्या दांड्याचं) टोक सरकवून जुळवा. स्प्रिंगचा स्क्रू थोडाथोडा फिरवून दोन्ही पात्यांचं टोक मागे ओढून बघा, मासे तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवला तर दोन्हीचा आकडा सारखा येतोय का कळेल. एक बाजू लवकर सुटली तर बोट भर वाऱ्यात वळवतानाच फजिती करते.

लेथवर_बसलेला
काटा बाजारात भेटते. न एक, मास्ट २६ फुटी अल्युमिनियमचा आहे तुमचा, बॅकवॉटरवरून विजेच्या तारा गेल्या असतील तिकडं जाऊच नका, काठावर मास्ट उभा करताना बी आधी वर पाहून घेजा.

डोंगावाला_पवनी
हो, गावाकडच्या काठाले आहेत तारा. बोट आता पलीकडच्या घाटावरून उतरवतो. नवीन भोक कितीनं सरकवू तेवढं सांगा.

लेथवर_बसलेला
पातं न कास्टिंग दोन्ही घेऊन ये, मापूनच पाडू.