थार फोर बाय फोर आहे, मग बर्फात चेन कशाला?

सिडकोवाला:
जानेवारीत मनालीहून अटल टनेलमार्गे सिस्सूला जायचं ठरतंय, गाडी थार, फोर बाय फोर. ग्रुपमधला एकजण मागेच लागलाय की टायरला लावायच्या चेन घेऊन जाऊ. अरे चारही चाकं ओढतायत मग हे लोढणं कशाला गळ्यात? गंगापूर बॅकवॉटरच्या चिखलात बाकीच्यांना ट्रॅक्टर बोलवावा लागतो तिथून आपली गाडी आरामात निघते. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे पोलीसपण फोर बाय फोर सोडतात, उगाच का?

अंबडचा फिटर:
भाऊ, चिखल वेगळा, बर्फ वेगळा. चिखलात टायर रुततो आणि खालची कडक जमीन पकडतो. रस्त्यावरचं पाणी रात्री गोठून जी काच होते तिच्यात काय पकडणार? फोर बाय फोर गाडी हलवायला आणि चढवायला, थांबवायला नाही. ब्रेक तर अल्टोलापण चारही चाकांना असतात. आणि पोलीस 'चेन असेल तर' टू व्हील ड्राइव्हलापण सोडतात, ते तू सोयीस्कर विसरलास.

घाटमाथा:
फिटरभाऊ अर्धंच सांगताय. उतारावर ब्रेक मारतो कोण? फोर एलमध्ये, म्हणजे चारही चाकं आणि सगळ्यात हळू, जोरदार गिअरमध्ये, पहिला गिअर टाकला की गाडी माणसाच्या चालीने उतरते, आणि इंजिनचं ब्रेकिंग चारही चाकांवर वाटलं जातं. तेच टू एचमध्ये, म्हणजे नेहमीच्या दोन चाकांच्या मोडमध्ये, सगळा भार मागच्या दोन चाकांवर, मग मागचा भाग सरकतो. म्हणजे उतरतानापण फोर बाय फोरचा फायदा आहेच की!

अंबडचा फिटर:
आहे ना, ताज्या बर्फावर आहे. कडक बर्फावर चारही चाकं एकदम सुटली की काय करणार? तिथे शेवटी चेनचं लोखंडच रुततं. आणि ज्यांना सगळा रस्ता फोर एच (चारही चाकं, नेहमीच्या वेगाचा मोड) लावून फिरायची हौस आहे त्यांनी ऐका, थारमध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, बर्फावर चाकं थोडी घसरून जमवून घेतात पण कोरड्या डांबरावर तो ताण सगळा ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टवर येतो. बोगद्यात ९ किलोमीटर बर्फ नाही, तिथे रस्ता कोरडा असेल तर टू एच.

निफाडचा द्राक्षवाला:
सगळे गिअरवर भांडताय, टायरचं कोणीच बोलत नाही. साधारण ७ डिग्रीच्या खाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, पकड कमी होते. आमच्याकडे पारा त्याहून खाली गेला की बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही, सिस्सूला तर शून्याच्या खालीच धरून चला. विंटर टायर इथून कोण टाकून नेणार, म्हणून चेन. लावल्यावर तीस-चाळीसच्या वर पळवू नका बस.

सिडकोवाला:
बरं घेतो बाबा, पण डिकीत ठेवणार. गरज पडली तर लावू.

अंबडचा फिटर:
गरज पडेल तेव्हा गाडी आडवी झालेली असेल आणि गारठलेल्या बोटांनी हुक लागत नाही. निघायच्या आधी पार्किंगमध्येच एकदा चढवून बघ. साइज टायरवर छापलेला असतो तो दाखवूनच घे, आणि एकच जोडी घेणार असशील तर कुठल्या चाकांना ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघ, व्हॉट्सॲपवर नको.

घाटमाथा:
चेन घ्या, पण फोर एल पण वापरा, एवढंच माझं म्हणणं. मनालीतल्या अल्टोवाल्यांना तो पर्याय नाही, तुम्हाला आहे.