कुरकुंभला केमिकल प्लांटमध्ये आहे, ऑपरेटरच्या मनातल्या भीतीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी शिफ्ट इन्चार्ज आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे रिअ‍ॅक्टरला सॉल्व्हंट (ज्वलनशील द्रावक) भरताना फ्लॅश फायर झाली, म्हणजे वाफेने क्षणात पेट घेतला, कोणाला लागलं नाही पण माझा एक ऑपरेटर तेव्हा मॅनहोलपासून, म्हणजे टाकीच्या वरच्या तोंडापासून, चार फुटांवर होता आणि आता तो व्हॉल्व्हला हात लावला की थरथरतो, परवा तर अर्थिंगची क्लिप (स्टॅटिकची ठिणगी पडू नये म्हणून लावतात ती) तीनदा लावून काढून बघत होता. रात्री झोपत नाही म्हणतो.

मी बोलून बघितलं, नाइट शिफ्ट बंद केली, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, एकदा बोलला आणि बरंही वाटलं, पण घर एका खोलीचं, सगळ्यांसमोर परत बोलायला लाजतो. ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, कारण पगार २१,००० च्या वर आहे. सेफ्टी कमिटीत विषय काढू म्हटलं तर 'साहेब, अनफिट लिहितील, नोकरी जाईल' म्हणून हात जोडतो, आणि कॉन्ट्रॅक्टवर असल्यामुळे त्याची भीती खोटी नाही. त्याला तसंच रिअ‍ॅक्टरवर ठेवणं मला पटत नाही, त्याच्यासाठीही आणि बाकीच्यांसाठीही.

हडपसर किंवा दौंड बाजूला रविवारी भेटणारे, परवडणारे समुपदेशक माहीत आहेत का? आणि कोणी रेकॉर्डवर शिक्का न बसता असा माणूस काही महिने स्टोअर किंवा युटिलिटीला (बॉयलर, पाणी वगैरे बघणारा विभाग) हलवलाय का, मॅनेजमेंटला नेमकं काय लिहून दिलंत?