मदत हवी आहे : थर्मामीटर सेल्सिअसमध्ये अडकलाय

नौपाड्यात राहते. परवा रात्री लेकीला ताप होता. डिजिटल थर्मामीटर लावला तर आकडा ३८.४! बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं असणार, नेहमीचं फॅरनहाइट जाऊन सेल्सिअस आलं. सासूबाई म्हणाल्या, "अडतीस? अगं, पोर थंड पडलं की काय!" त्यांचा सगळा हिशोब नव्व्याण्णव, शंभर, एकशे दोन असाच.

मी घाईत कुठेतरी ऐकलेली युक्ती वापरली, दुप्पट करून ३० मिळवायचे. आलं १०६.८! हातपायच गळाले. नंतर शांतपणे नीट गणित केलं, ९ ने गुणून ५ ने भागलं, ३२ मिळवले, तर १०१.१. म्हणजे ती युक्ती हवामानापुरती. १० अंशाला बरोबर ५० येतात, पण पुढे चूक वाढत जाते आणि तापात जवळजवळ पावणेसहा अंशांचा फरक पडतो.

आता मी दुप्पट करते, त्यातला दहावा हिस्सा वजा करते आणि ३२ मिळवते. ७६.८ उणे ७.७, अधिक ३२. उत्तर बरोबर येतं, पण रात्री दोन वाजता, मांडीवर रडणारं मूल घेऊन कोण करणार?

सासूबाईंसाठी ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४ असा कागद फ्रिजवर चिकटवलाय. मधल्या दशांशांना अडतात. तोंडी करता येईल असं याहून सोपं काही आहे का? आणि थर्मामीटर परत फॅरनहाइटवर कसा आणायचा? माहितीपत्रक केव्हाच रद्दीत गेलंय.