श्रीलंका डिसेंबर ट्रिप: ड्राफ्ट प्लॅन, मतं हवीत

सुहास:
नमस्कार मंडळी,
गणपतीनंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं त्याप्रमाणे श्रीलंकेचा ड्राफ्ट टाकतोय. मेलबर्नहून कोलंबोला थेट विमान आहे, पोरांना सुट्ट्या आहेत, त्यामुळे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा धरलाय. उतरलो की नेगोंबो, मग सिगिरिया, तिथून त्रिंकोमालीला बीचवर दोन दिवस, मग कँडी, नुवारा एलिया, सीता एलियाचं देऊळ (आईचा खास आग्रह), एला, याला नॅशनल पार्क, मिरिसा, गॉल आणि कोलंबोहून परत. दहा दिवसांत बसतंय सगळं. मिनी कोच आणि ड्रायव्हर-गाइड. अनुराधापूर (तिथली प्राचीन राजधानी) घेतलेलं नाही, वर उत्तरेला पडतं आणि नुसते भग्नावशेष बघून पोरं कंटाळतील असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. काय बदल असतील ते शुक्रवारपर्यंत सांगा, तिकिटं रोज वर चाललीयत.

मेघा:
सुहास, मेहनत घेतलीयस पण आधी त्रिंकोमाली काढ बाबा. डिसेंबरात तिथे ईशान्य मान्सून असतो, पूर्व किनाऱ्यावर पाऊस आणि समुद्र खवळलेला, त्या बाजूला जायचं ते एप्रिल ते सप्टेंबर. आपल्या वेळेला मिरिसा, उनावटुना, गॉल हीच बाजू चांगली, व्हेल बघायचा सीझनही तिथे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. एवढंसं बेट पण दोन बाजूंना दोन वेगळे पावसाळे, त्यामुळे कोणी "मी ऑगस्टमध्ये गेलो होतो, तिथे ऊन होतं" म्हणालं तर कुठे गेला होतास ते आधी विचारायचं.

आणि दहा दिवसांत दहा ठिकाणं म्हणजे आपण श्रीलंका बघणार नाही, बसची खिडकी बघणार. मॅपवरचे किलोमीटर बघून हुरळून जाऊ नका, गॉलकडचा एक्सप्रेसवे सोडला तर बहुतेक रस्ते दोन लेनचे, एक गाव संपत नाही तोवर दुसरं सुरू, मध्ये टुकटुक, सायकली, शाळा सुटलेली पोरं, आणि घाटात तर विचारूच नका. दीडशे किलोमीटरला चार तास धरा म्हणजे चिडचिड होणार नाही.

शाकाहाऱ्यांसाठी वेगळं सांगते कारण हे कोणी सांगत नाही. पोल सांबोल म्हणजे आपली ओल्या नारळाची लाल तिखट चटणीच म्हणा, पण तिच्यात बरेचदा उंबलकड असतं, म्हणजे मालदीवच्या सुक्या माशाचा चुरा, आणि पालेभाजीतसुद्धा चिमूटभर टाकतात. त्यांच्या लेखी तो मसालाच, त्यामुळे "व्हेज" सांगून भागत नाही, "उंबलकड नको" असं नाव घेऊनच सांगायचं. बाकी चंगळ आहे, नारळाच्या दुधातली मसूर डाळ (परिप्पू), कोवळ्या फणसाची भाजी, इंडिआप्पा (तांदळाच्या शेवया), कवठाचं सरबत, आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं घट्ट दही वर किथुलची काकवी ओतून. किथुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. जेवण तिखट असतं, पोरांसाठी आधीच सांगून ठेवावं लागेल.

केतन:
त्रिंको काढायला +१. याला पार्क मात्र काढू नका प्लीज, पोरगा बिबळ्या बिबळ्या करत फिरतोय घरभर.

विलास:
सगळ्यांना जय भीम आणि नमस्कार.
मी सहसा इथे लिहित नाही पण अनुराधापूर "भग्नावशेष" म्हणून कट केलेलं वाचून राहवलं नाही. मी नागपूरचा. दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे तो अनुराधापूरच्या झाडापासून वाढवलेला आहे, भदंत आनंद कौसल्यायन तिथून फांद्या घेऊन आले होते. आणि अनुराधापूरचं झाड म्हणजे अशोकाच्या मुलीने, संघमित्तेने, बोधगयेच्या वृक्षाची फांदी नेली तिचं, इ.स.पू. तिसरं शतक. बोधगयेला आज उभं आहे ते झाड कितीतरी नंतर लावलेलं, पण अनुराधापूरचं तेव्हापासून सांभाळत आलेत, माणसाने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत ते जगात सगळ्यात जुनं मानतात. फांद्यांना टेकू दिलेत, भोवती सोनेरी कुंपण आहे. आणि तिथे अवशेष बघायला पर्यटक येतात त्याच्या कितीतरी पट लोक पूजेला येतात, पांढरे कपडे घातलेली अख्खी कुटुंबं, हातात कमळं, आज्या पाठ म्हणत बसलेल्या. पोरं कंटाळतील असं ज्यांना वाटतं त्यांनी जेतवनारामचा स्तूप दाखवावा, नुसत्या विटांचा, बांधला तेव्हा १२० मीटरच्या वर होता, त्या काळात त्याच्याहून उंच गिझाचे दोन पिरॅमिडच.

बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला कँडीला गेले होते, कायदामंत्री असताना. हा धर्म लोक रोजच्या जगण्यात कसा पाळतात ते त्यांना बघायचं होतं. सहा वर्षांनी नागपूर झालं. म्हणजे आपल्या ट्रिपमध्ये कँडी आहेच, पण ड्राफ्टमध्ये नुसतं नाव लिहिलंय.

माझी आई नागपूरहून परस्पर कोलंबोला येतेय. तिला सिगिरिया चढायचं नाही, व्हेलही बघायचे नाहीत. अनुराधापूर नसेल तर आम्ही दोघं वेगळे जाऊ, रागावून नाही, पण तसं मग आधीच सांगा. अजून एक, डिसेंबरची पौर्णिमा म्हणजे उंदुवप पोया, संघमित्ता फांदी घेऊन पोचली तो दिवस. गर्दी प्रचंड असेल पण जायचं तर तेव्हाच.

केतन:
विलासदा, माझं मत बदललं, अनुराधापूर हवंच. फक्त एक शंका, पोयाला दारू बंद म्हणतात ते दुकानात की हॉटेलातपण?

मेघा:
दुकानं, बार, हॉटेलं सगळीकडे. आणि अशी पौर्णिमा तिथे दर महिन्याला सुट्टीची असते, त्यामुळे त्यांना सवय आहे, तुलाही होईल.

विद्याकाकू:
विलास, तुझ्या आईबरोबर मी आहे, माझेही गुडघे सिगिरियाला नाही म्हणतात. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यातल्या शेवटच्या लोखंडी जिन्याच्या. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी दार उघडताच चढायला लागा, दहानंतर तो खडक तापतो. वाटेत त्या अप्सरांची चित्रं आहेत, पाचव्या शतकातली, कश्यप राजाच्या वेळची, बघितली की अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात सिंहल लंकेत उतरतो ती कथा रंगवलीय, बघितली असेल तर आठवा. आम्ही खाली राहणारे तेवढ्यात दांबुल्लाची लेणी बघू, तिथेही चढ आहे पण बेताचा.

आता तरुण मंडळींना जरा स्पष्ट. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा, बर्मुडा चालणार नाही. चपला आणि टोप्या बाहेर, दुपारी फरशी चटके देते तेव्हा जाड मोजे ठेवा. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात काढायचा नाही, तिथे त्याचा फार राग येतो. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक बाईला त्यांनी परत पाठवलं होतं. आपल्यात कोणाचा तसा टॅटू असला तर पूर्ण बाह्या घाला. भिक्खूंना नमस्कार करायचा, शेकहँडला हात पुढे करायचा नाही, बायकांनी तर नाहीच.

सीता एलियाचं देऊळ नुवारा एलियाजवळ रस्त्यातच आहे, त्यासाठी अख्खा दिवस किंवा वेगळं रामायण पॅकेज घ्यायची गरज नाही. वर थंडी असते, स्वेटर आणा, लंका म्हणून नुसते सुती कपडे आणाल तर कुडकुडाल.

सुहास:
मंडळी, सगळं वाचलं. नवा प्लॅन: विमानतळावरून थेट अनुराधापूर, तिथे तीन रात्री, पोयाचा दिवस मध्ये येईल असा. मिहिंतले (महिंदाने लंकेत बौद्ध धर्म आणला ती टेकडी) जवळच आहे, ते तिथूनच करू. मग सिगिरिया-दांबुल्ला, कँडी दोन रात्री, नुवारा एलिया, आणि ट्रेन फक्त नानु ओयाहून (नुवारा एलियाचं स्टेशन) एलापर्यंत, कँडीपासून पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा आहे आणि लहान पोरांना घेऊन तेवढं नको. घाटात दरडी पडून लाइन बंद होते कधीकधी, तेव्हा तिकिटं काढायच्या आधी चालू आहे ना ते बघेन, आणि नाहीच तर कोचने. शेवटी गॉल. मिरिसाचे व्हेल गॉलमधूनच एका सकाळी. एकूण बारा दिवस होतायत.

केतन, याला पार्क काढलंय. त्या एका बिबळ्यामागे वीस-वीस जीप लागतात, त्याऐवजी एलाहून खाली उतरताना उडवलवे नॅशनल पार्कला थांबू, हत्ती तिथे वर्षभर दिसतात. पोराला तू समजाव.

ईटीएबद्दल (ऑनलाइन प्रवेश परवाना), सरकारी साइटचा पत्ता गव्ह डॉट एलके असाच संपतो, सर्चमध्ये वर येणाऱ्या बाकीच्या साइट्स वर कमिशन घेतात. विलास, आईंचा पासपोर्ट भारतीय आहे ना, मग सिगिरिया-पोलोन्नरुवासारख्या ठिकाणी सार्क देशांचं कमी तिकीट मिळतं, पासपोर्ट जवळ ठेवायला सांग. आमच्यासारख्या परदेशी पासपोर्टच्या ओसीआयवाल्यांना पूर्ण.

आता नावं शुक्रवारपर्यंत आणि डिपॉझिट त्याच्या पुढच्या आठवड्यात. कोचमध्ये पुढच्या चार सीट काकू, विलासची आई आणि माझे आईबाबा यांच्यासाठी, त्यावर चर्चा नाही. आणि केतन, पोयाच्या आदल्या रात्री सूटकेसमध्ये साठा करणार असलास तर निदान माझ्या आईच्या शेजारच्या खोलीत नको.