हेलब्लास्टर: आधी जोडणी की आधी रंग?

वॉरहॅमर या छोट्या प्रतिकृतींच्या युद्धखेळातल्या एम्पायर सैन्याची हेलब्लास्टर तोफ, म्हणजे तिचं प्लास्टिकचं मॉडेल, पूर्ण जोडून मगच रंगवावी का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत, अजिबात नको. तीन-तीनच्या गटांत एकूण ९ नळ्या. एकदा चिकटल्या की मधल्या फटींत ब्रश शिरतच नाही. गाडा, चाकं आणि नळ्या वेगवेगळ्या रंगवा. फक्त प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्याआधी सांध्यांच्या जागी ब्लू-टॅक (नंतर काढता येणारा चिकट गोळा) लावा म्हणजे तिथे रंग बसणार नाही, कारण प्लास्टिक सिमेंट हा मॉडेलचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधतो, रंगावर तो नीट धरत नाही. नळ्यांवरची साच्याची रेघ मात्र त्याआधीच सुरीच्या पाठीने खरवडून काढा. धातूच्या रंगाखाली ती फार उठून दिसते. पितळी रंगावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिलात की नक्षीच्या खाचा काय सुंदर उघडतात! तोफ चालवणारी सैनिक मंडळी शेवटी रंगवली तरी चालतील.