प्रेमकथेत त्याने शेवटी गर्दीत यायलाच हवं का?

केतकीचं बन (मूळ धागा)

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात एका मैत्रिणीने स्वतःची दीर्घकथा वाचून दाखवली. कबड्डीतली चढाईपटू मुलगी, गुडघ्याचं एसीएल (सांधा स्थिर ठेवणारं लिगामेंट) फाटलंय, म्हणून इचलकरंजीला मामाकडे राहायला आलीय. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ऑटिस्टिक तरुण. माणसांत येत नाही, दिवसभर लेथवर काहीबाही घडवत असतो. तो तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा बनवतो, ती मैदानात परतते, जिंकते, आणि हा मुलगा ढोल-ताशांच्या गजरात, गर्दीतून धावत जाऊन तिला मिठी मारतो. टाळ्या पडल्या. मला मात्र गुदमरल्यासारखं झालं.

माझा भाऊ ऑटिस्टिक आहे, २६ वर्षांचा. मिक्सर लावण्याआधी आई ओट्यावर वाटी दोनदा वाजवते. टक टक. तो कान झाकून घेतो, मगच मिक्सर सुरू होतो. मला प्रेम म्हटलं की ती वाटी आठवते. कथेतल्या मुलीने एकदाही वाटी वाजवली नाही, सगळं अंतर त्यानेच कापलं. ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर’ हे नातेवाइकांकडून आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. या शेवटात मला तेच ऐकू आलं. तो हरलाय तिथे, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

नदीकाठ

अजिबात पटलं नाही. प्रेमात पडूनही माणूस जागचा हलला नाही तर गोष्ट कशाची सांगायची? माझे आजोबा देशावरचे, पाण्याला घाबरायचे. आजी मालवणची. तिच्या माहेरी जायचं म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसले, आजीचा हात घट्ट धरून. ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. त्या मुलाने शेडमध्येच राहावं हे आपण ठरवून टाकलं, तर त्याला आपणच कोंडलं की! जिवावर उदार होण्याचा हक्क त्यालाही आहे.

केतकीचं बन

आजोबांची ती भीती होती, आणि भीती सवयीने मोडते. माझ्या भावाला आवाज दुखतो. कुकरची शिट्टी अचानक झाली तर पुढचा तासभर त्याला जेवण जात नाही. आज वीसेक वर्षांनीही तसंच आहे. होडीचं उदाहरण इथे लागू पडत नाही.

डावा कोपरा

मी जिल्ह्याकडून खेळले आहे आणि २२व्या वर्षी माझंही एसीएल गेलं, म्हणून लिहिते. तुम्ही दोघंही त्या मुलाबद्दलच बोलताय.

पट्ट्याने लिगामेंट जुळत नाही. माझ्या मांडीमागचा स्नायूबंध काढून गुडघ्यात बसवला आणि मॅटवर पाय ठेवायला ९ महिने लागले. पहिले काही आठवडे एकच काम: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, पाय सरळ करायचा. मांडी माझीच, पण स्नायू ऐकायचाच नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडायचे, कारण मोजायला कुणी नसायचं. घरातले पहिल्या आठवड्यात बसले, मग त्यांना कंटाळा आला. लेथवर एकच भाग पन्नासदा घासणारा माणूस रोज त्याच वेळेला येऊन न कंटाळता मोजत बसला असता! तिथे प्रेम होतं, आणि लेखिकेने ते ९ महिने एका परिच्छेदात उरकले.

शिवाय ती जिंकली नसती तर? मी परतले, पण पायात पूर्वीचा वेग आला नाही. ‘निदान रेषे’पाशी, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेपाशी, वळताना मन कचरायचं. दोन वर्षांत खेळ सोडला. माझ्यासारखीला कथेत जागाच नाही.

पाटीपेन्सिल

मला खटकतं ते त्याचं संशोधक असणं. ऑटिस्टिक पात्र कुणाच्या उपयोगी पडलं तरच ते प्रेमाला पात्र, असं का? टेंपल ग्रँडिन ही अमेरिकन ऑटिस्टिक संशोधक. लस टोचताना गुरांना जखडणारा सापळा तिने ॲरिझोनात मावशीच्या रँचवर पाहिला. काही गुरं त्या दाबाने शांत होत होती. तसंच यंत्र तिने स्वतःसाठी बनवलं, कारण माणसांची मिठी तिला सोसवत नसे. इथे दाब किती हवा ते तिच्या हातात होतं. तेव्हा मिठीचा शेवट लिहिणाऱ्याने दाब कुणाच्या हातात आहे ते आधी पाहावं.

शांत पाणी

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान ३४व्या वर्षी झालं. ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात तो ‘स्वमग्न’ हा शब्द कृपया माझ्यासाठी वापरू नका; मी स्वतःत मग्न नसतो, बहुतेक वेळा समोरच्याच्या चेहऱ्यात काय चाललंय ते शोधून थकलेला असतो. डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये हेच मांडलं: न समजणं दोन्ही बाजूंचं असतं. ओझं मात्र आमच्या एकट्याच्या डोक्यावर येतं.

पण केतकी, रागावू नका, तुमचंही सगळं बरोबर नाही. माझी बायको बॅडमिंटन खेळते आणि मी तिच्या सामन्यांना जातो. मला जायचं असतं. आदल्या रात्री ती वहीच्या पानावर हॉलचा नकाशा काढून देते: दार कुठे, स्पीकर कुठे, मला बाहेर पडायचं झालं तर कोणता जिना. कानांवर हेडफोन असतात. दुसऱ्या गेमनंतर मी बहुधा जिन्यात बसतो, आणि ती जिंको वा हरो, आधी तिथे येते.

केतकीचं बन

हे वाचून मी आईला फोन केला. मला तुमचं म्हणणं मान्य आहे, भावाला कुठे जायचंय हे मी कधी विचारलंच नव्हतं. कथा त्या जिन्यात संपली असती तर मी मैत्रिणीला त्याच दिवशी पत्र लिहिलं असतं.

नदीकाठ

जिना सुंदर आहे, मानलं. पण मला अजूनही ती मिठी हवी आहे. त्याने आधी हेडफोन लावलेत आणि ती त्याची वाट बघत जागेवर उभी आहे, एवढं बदला आणि राहू द्या.

डावा कोपरा

आणि ती हरलेली असू द्या.